हयातीचा दाखला आणि हयातीतला मान

नोव्हेंबर उजाडला की आमच्या बँकेत पेन्शनरांची गर्दी सुरू होते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून हा दाखला आधारच्या मदतीने घरबसल्या देण्याची सोय झाली आहे, आता तर मोबाइलसमोर चेहरा धरला तरी काम होते. तरीही आपली जुनी मंडळी बँकेतच येतात. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले पासबुक. कोणी रामबागेतून येतात, कोणी लोकमान्यनगरातून, कोणी सुदामानगरातून रिक्षा करून. काम पाच मिनिटांचे, पण तासभर बसतात. ओळखीचे कोणी भेटते, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते, पुण्याला गेलेल्या मुलांच्या गोष्टी निघतात. आम्ही खिडकीच्या आतल्या बाजूला बसून वीस वर्षांवर हे पाहत आलो आहोत.

गेल्या नोव्हेंबरात अशाच गर्दीत एक माय-लेक आले. आई ऐंशीच्या घरातल्या, पतीच्या पश्चात कुटुंब पेन्शन घेणाऱ्या. मुलगा आमच्याच वयाचा, सज्जन, आईचा हात धरून पायऱ्या चढवून आणणारा. दाखल्याचे काम झाले. मग मुलाने पैसे काढायचा फॉर्म पुढे केला. रक्कम त्याने आधीच भरली होती. "आई, इथे सही कर." आईंनी चष्मा शोधता शोधता विचारले, "किती काढतोयस रे?" "तू सही कर ना आई, मागे लोक उभे आहेत." त्यांनी सही केली. मुलगा नोटा मोजायला वळला तेव्हा त्या काचेशी वाकून हळूच म्हणाल्या, "बाळ, माझ्या खात्यात किती उरलेत रे?" आम्ही आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठीच्या चार घड्या केल्या आणि मुलाची पाठ आहे तोवर कमरेच्या पिशवीत लपवून ठेवली.

त्या मुलाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पैसे आईच्याच औषधपाण्याला लागणार होते, यात आम्हाला शंका नाही. आमच्या मनाला लागले ते निराळेच. आपल्याच खात्यातली शिल्लक त्या माउलीला परक्या माणसाला, तीही हळू आवाजात विचारावी लागली. ज्याच्या नावावर खाते तो धनी, असे आम्ही बी.कॉम.ला शिकलो आणि बँकेतही तेच पाळतो. घरोघरी मात्र असे दिसते की वय वाढले की खाते त्या माणसाचे राहते आणि कारभार दुसऱ्याचा होतो. हे कोणी ठरवून करत नाही. काळजीपोटी होते, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

आम्ही लोकांच्या घरचे सांगतो आहोत असे वाटू नये, म्हणून आधी आपल्या घरचे सांगतो. आमची आई गेली तेव्हा वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दर महिन्याच्या एक-दोन तारखेला पायी बँकेत जायचे, पासबुक भरून घ्यायचे, येताना भाजी आणि पाव किलो शेव आणायचे, असा त्यांचा नेम. आईचे तेरावे झाल्यावर आम्ही त्यांचे एटीएम कार्ड आमच्याकडे घेतले, पिन बदलला, खात्याला मोबाइल नंबर आमचा लावला. म्हटले, "नाना, तुम्ही कशाला त्रास घेता? काय लागेल ते सांगा." नाना काही बोलले नाहीत. आणि पुढे तीन महिने त्यांनी काही सांगितलेही नाही. चप्पल तुटली तर खिळा मारून तीच घातली. न्हाव्याकडे जायचे टाळू लागले. बाहेर पडणे कमी झाले, पेपरसुद्धा दुपारपर्यंत घडी न मोडता पडून राहू लागला. आम्ही समजलो, आईच्या जाण्याने खचले आहेत.

गणपतीत बहीण माहेरी आली. तिच्या लहान मुलाच्या हातावर ठेवायला नानांपाशी पन्नास रुपये नव्हते. डोके दुखते म्हणून ते आतल्या खोलीत पडून राहिले. ताईच्या ते लक्षात आले. रात्री ती आम्हाला म्हणाली, "अरे, तू बँकेत आहेस ना? मग नानांचे खाते का गोठवलेस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ड परत दिले, नंबर त्यांचा लावला. पुढच्या एक तारखेला नाना बँकेत गेले, येताना केस कापून आले आणि आमच्या पोरांसाठी कचोऱ्या घेऊन आले. त्यानंतर ते सहा वर्षे जगले. या सहा वर्षांत त्यांच्या हातून चुका झाल्याच नाहीत असे नाही. एकदा चेक चुकीचा लिहिला, एकदा फोनवरच्या भामट्याला कार्डाचे नंबर सांगून चार हजार घालवले. त्या वेळी आमचा हात पुन्हा त्या कार्डाकडे गेला होता, हे कबूल करतो. पण चार हजारांच्या नुकसानीपेक्षा त्या तीन महिन्यांत आम्ही केलेले नुकसान मोठे होते, हे तोवर आम्हाला कळले होते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. म्हातारपणी स्वावलंबी असणे म्हणजे सगळी कामे आपल्या हाताने करणे नव्हे. ते शरीर करू देत नाही. काठी लागते, चष्मा लागतो, बँकेपर्यंत सोबत लागते. पण काय करायचे, किती खर्चायचे, कोणाला काय द्यायचे हे ठरवणे ज्याचे त्याच्याकडे राहिले पाहिजे. बुद्धी शाबूत आहे तोवर सही त्यांची, पासबुक त्यांच्या कपाटात, आणि आपण मदतीला. मदत करणे वेगळे आणि कारभार हाती घेणे वेगळे. आपल्या घरांत या दोहोंतली रेघ पुसली गेली आहे.

यावर लगेच कोणी म्हणेल, "अहो, दिवस किती वाईट आलेत!" खरे आहे. पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे" असे धमकावणारे भामटे म्हाताऱ्या माणसांची जन्माची पुंजी लुटून नेतात. ज्येष्ठांनी इतकेच पाठ करावे की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या नंबरवर फोन करावा. पण चोराच्या भीतीने घराच्या मालकालाच बाहेर बसवायचे, हा कुठला न्याय? बँकेच्या नियमांतच बंदोबस्ताच्या वाटा आहेत. त्या माहीत नसतात म्हणून कार्ड काढून घेण्याचा सोपा मार्ग धरला जातो.

पहिली वाट. दोन खाती ठेवा. मोठी रक्कम मुदत ठेवीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असू द्या. या योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळते. महिन्याच्या खर्चापुरते पैसे एका लहान खात्यात ठेवा आणि कार्ड, मोबाइलचे व्यवहार फक्त त्या खात्याला जोडा. फसगत झालीच तर ती महिन्याच्या खर्चापुरती होईल आणि रोजचा हिशेब आजी-आजोबांच्या हाती राहील.

दुसरी वाट संयुक्त खात्याची. मुलाचे नाव जोडायला आलेल्या दहांपैकी नऊ जण 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' या चौकटीत खूण करतात, कारण फॉर्मवर ती पहिली असते. तिचा अर्थ असा की दोघांपैकी कोणीही एकटा, केव्हाही, सगळे पैसे काढू शकतो. तिच्याच शेजारी 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' अशी दुसरी सोय आहे. तीत पहिले नाव ज्याचे, तो हयात असेपर्यंत व्यवहार त्याचाच. त्याच्या पश्चात दुसऱ्याचा. मुलाला पुढे धावपळ होऊ नये आणि आपला हातही मोकळा राहावा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही सोय आहे. खिडकीवर तोंडाने मागितली तर मिळते, न मागता क्वचितच कोणी सांगते. हा दोष आमच्या बँकवाल्यांचाही आहे, तो आम्ही पदरात घेतो.

तिसरी गोष्ट नॉमिनेशनची. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात, आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येते. मात्र ध्यानात ठेवावे की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक होतोच असे नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. म्हणून नॉमिनेशनही करावे आणि मृत्युपत्रही करावे. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते, आणि मन बदलले तर पुन्हा करता येते. ते केल्याने माणूस लवकर मरतो, ही समजूत आपल्या घरांत अजून आहे. आमच्या पाहण्यात ते केलेली माणसे निवांत झोपतात.

चौथी गोष्ट कापऱ्या हाताची. सही जुळत नाही म्हणून चेक परत गेला की घरचे म्हणतात, "आता तुमचे नाव कमी करू या." कशाला? सहीचा नवा नमुना देता येतो. सही मुळीच जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यांत एक बँकेचा जबाबदार माणूस, अंगठा चालतो. आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा सत्तरीवरच्या ग्राहकांना रोकड, चेकबुक, हयातीचा दाखला या सेवा घरी द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळ्या बँकांना कळवले आहे. ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी किंवा प्राधान्य द्यावे, हेही त्याच परिपत्रकात आहे. ज्या शाखेत हे होत नसेल तिथे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते, पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते.

आता घरातल्या बायकांविषयी. आमच्या खिडकीवर येणाऱ्या विधवा भगिनींपैकी कितीतरी जणींनी पती गेल्यावर, साठी-सत्तरीत, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने फॉर्म भरलेला असतो. शिकलेल्या असतात, एकेकाळी शाळेत शिकवलेल्याही असतात. पण "ते सगळे हेच बघायचे." मग "हे" गेले की "तो" बघतो. आपण या शहरात अहिल्याबाईंची पालखी काढतो, २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा किती समारंभ केले! पती १७५४ मध्ये गेले, सासरे १७६६ मध्ये, एकुलता मुलगा १७६७ मध्ये. तरी १७९५ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी देह ठेवीपर्यंत त्यांनी कारभार दुसऱ्यावर टाकला नाही. होळकरांच्या घरात राणीची खासगी ही दौलतीहून वेगळी असे, आणि काशीपासून कुठकुठले घाट आणि देवळे त्यांनी बांधली ती या खासगीतल्या पैशावर. अडीचशे वर्षांपूर्वी जे राजघराण्याने सुनेला दिले ते आज आपल्या तीन खोल्यांच्या घरात आईला का मिळू नये? ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी आईचे वेगळे खाते आजच उघडावे. तिचा हात या गोष्टींना आधीच वळलेला असला पाहिजे.

यानंतर येते घर. जुन्या वाड्यातला हिस्सा विकून घेतलेला फ्लॅट किंवा साठ-सत्तर साली बांधलेले घर, हीच आपल्या बहुतेकांची मोठी दौलत. "आत्ताच मुलाच्या नावे करून टाका, पुढे कटकट नको," असा सल्ला नातेवाईक देतात, आणि मायेने बक्षीसपत्र होते. मृत्युपत्र बदलता येते, बक्षीसपत्र एकदा नोंदले की सहजी फिरत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी २००७ साली केंद्राने जो कायदा केला, त्याच्या २३ व्या कलमात यावर उपाय आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येते. पण ती अट कागदात असायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या दाव्यात याच न्यायालयाने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबा तिला परत देण्याचा हुकूम दिला. तिच्यापाशी मुलाने सांभाळण्याचे लिहून दिलेले वचनपत्र होते. एवढ्या वयात जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत जायला किती जणींची छाती होईल? त्यापेक्षा घर हयातभर आपल्या नावावर ठेवावे हे बरे. द्यायचेच असेल तर अट लिहून द्यावे, आणि अट लिहिल्याने मुलाचा अपमान होतो असे समजू नये. आम्ही रोज सज्जन माणसांकडूनही कर्जाचे कागद लिहून घेतो.

याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो. वकील लावावा लागत नाही. ज्यांना मूलबाळ नाही त्यांना, त्यांची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता दोन शब्द ज्येष्ठांनाही. वडीलधाऱ्यांना सांगणे हे लहान तोंडी मोठा घास घेण्यासारखे आहे, पण एका बाजूचेच लिहिले तर ते पक्षपाती होईल. हक्क आपला म्हणता तर थोडी तोशीसही सोसली पाहिजे. मोबाइल हातात धरायचाच नाही असा हट्ट धरला की सगळे दुसऱ्याच्या हाती जाणारच. सूनबाईने भाजीत काय घालावे, नातीने किती वाजता यावे, यावर रोज शेरा मारला की घरातले बोलणेच बंद होते, आणि मग "मला कोणी विचारत नाही" म्हणून खंत करायची वेळ येते. तब्येतीचे लपवू नये. पैशाची माहिती कुलपात इतकी घट्ट ठेवू नये की एखाद्या रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर विम्याचा कागदही सापडू नये. कुठे काय आहे ते एका वहीत लिहून, ती वही कुठे आहे हे घरातल्या एकाला सांगून ठेवावे. माहिती द्यावी, सही देऊ नये. आणि कोणत्याही वयात, कोऱ्या फॉर्मवर कोणासाठीही सही करू नये.

पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे, ती आपल्यासारख्या बाहेरगावी वसलेल्यांची खास आहे. आपण इथे दीडशे-दोनशे वर्षांचे. आपली मराठी इथल्या हिंदीत आणि माळवीत मुरलेली. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, शेजाऱ्याशी आपण हिंदीत बोलतो आणि त्यात काही वावगे नाही. पण म्हातारपणी आजारात माणूस आईच्या भाषेकडे वळतो. नाना शेवटच्या महिन्यात हिंदी जवळजवळ विसरले होते. त्यांना पाहायला येणारा मुलगा मोठा मायाळू होता, पण "कूस बदलून दे" हे त्याला समजत नसे. नातवंडे पुण्या-बंगळूरला, तिथे ती इंग्रजीत वाढलेली, फोनवर "आजोबा, हाऊ आर यू" म्हणून थांबतात. मुलांनी आईवडिलांना पुण्याला नेले तर तिथे मराठी आहे, पण ओळखीचे कोणी नाही. दहाव्या मजल्यावरून खाली उतरले तरी बोलणार कोणाशी? म्हणून बरेच जण इंदूर सोडायला तयार नसतात. त्यांना हट्टी म्हणण्याआधी ते काय सोडून जाणार आहेत, हे मुलांनी पाहावे.

इथेच आपल्या मंडळाचा संबंध येतो. आपण पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, फोटो छापतो. चांगली गोष्ट आहे. पण शाल घेऊन गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात कसा आहे, हे विचारायला कोणी जात नाही. आमच्या तीन सूचना आहेत.

एक, मंडळाने एकट्या राहणाऱ्या मराठी ज्येष्ठांची वॉर्डवार वही करावी आणि दहा-दहा घरे एका कार्यकर्त्याकडे द्यावीत. रोज एक फोन, आठवड्याला एक फेरी, आणि मराठीत गप्पा. याला पैसा लागत नाही.

दोन, सभागृहात महिन्यातून दोनदा मदतीचा टेबल मांडावा. हयातीचा दाखला, नॉमिनेशन, मृत्युपत्राचा नमुना, आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे जे कार्ड मिळते ते, ही कामे तिथे व्हावीत. आपल्यात निवृत्त बँकवाले, वकील, शिक्षक कमी नाहीत. फॉर्म ज्येष्ठांनीच भरायचा, आपण फक्त शेजारी बसायचे.

तीन, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे हा विषय मांडावा. १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे सुमित्राताई महाजन इंदूरच्या खासदार होत्या. त्यांच्यामुळे आपले म्हणणे दिल्लीपर्यंत जाते, असा आपल्याला दिलासा असे. आता ते आपल्यालाच मागून घ्यावे लागेल. विचारावे की निर्वाहाच्या अर्जांचे निकाल नव्वद दिवसांत लागतात का? कायद्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी निदान दीडशे निराधार वृद्धांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, त्याचे काय झाले? मार्च २०२० मध्ये बंद झालेली रेल्वेची सवलत, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के होती, ती पुन्हा मिळावी म्हणून तुम्ही काय केले? कारण आपल्या ज्येष्ठांसाठी पुण्याच्या गाडीचे तिकीट म्हणजे नातवंडांची भेट असते. भविष्य निर्वाह निधीची किमान पेन्शन २०१४ मध्ये हजार रुपये ठरली आणि दहा वर्षे उलटली तरी आकडा तोच राहिला. हजार रुपयांत महिन्याची औषधे तरी येतात का?

हे प्रश्न केवळ पेन्शनवाल्या मध्यमवर्गाचे नाहीत. हुकूमचंद मिल १९९१-९२ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटींच्या देण्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्यांत मराठी घरेही होती. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत तरुण कामगार म्हातारे झाले, कितीतरी जण वाट पाहत गेले. आणि २९ जानेवारी २०२१ चा दिवस आपण विसरू नये. थंडीच्या दिवसांत पालिकेच्या माणसांनी रस्त्यावरच्या बेघर वृद्धांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवले होते. गावकऱ्यांनी हटकले, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना परत आणले. कारवाई झाली, माफीही मागितली गेली. पण स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या शहराला म्हातारी माणसे कचऱ्यासारखी वाटू शकतात, हे त्या दिवशी दिसले. त्या ट्रकमधल्यांनाही कधीकाळी घर होते. आधी ते घरात बिनहिशेबी झाले, मग शहरात.

आमच्यापुरते आम्ही एक ठरवले आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. मंडळाने टेबल आणि दोन खुर्च्या दिल्या तर त्या दोन्ही दिवशी सकाळी दहा ते बारा आम्ही तिथे बसू. आणखी दोघे-तिघे पुढे आले तर काम चांगले चालेल. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी मदत क्रमांक घरच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आणि वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला, सुनेला, मुलीला आमची एकच विनंती. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आईवडिलांचे पासबुक तुमच्या कपाटात असेल तर ते काढून त्यांच्या हाती द्या. काही बोलायची गरज नाही. पुढच्या वेळी बँकेत याल तेव्हा फॉर्म त्यांना भरू द्या. वेळ लागेल, मागे रांग होईल, कोणी कुरकुर करील. करू द्या. खिडकीच्या आत आम्ही बसलो आहोत, आम्ही थांबू.